कानपिळीची तीन मिनिटं

कर्जतच्या एसटी स्टँडसमोर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. नवीन माणूस आला की आधी दारातून डोकावून विचारतो, "मालक कुठंयत?" मी म्हणते, "तुमच्या समोरच बसल्यात." मग त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. कानिफनाथ काकांनी मात्र असलं काही विचारलं नाही. गेल्या फाल्गुनात ते आले, चपला बाहेर काढल्या, खुर्चीत टेकले आणि थेट म्हणाले, "रेश्मा, मला एक कॉम्प्युटर बनवून पायजे. व्हिडिओ कापता-जोडता आला पायजे. चाळीस हजाराच्या वर जायाचं न्हाई."

"चाळीस हजारात एडिटिंगचा? काका, बाजारात आज..."

"बाजाराचं मला सांगू नको. तू बनव."

हे कानिफनाथ कोण, हे आमच्या तालुक्यात चाळिशीच्या पुढच्या कुणाला सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. ड्रोन उडवणारी आणि नवरा-नवरीला ज्वारीच्या रानातून पळवणारी मंडळी यायच्या आधी आमच्याकडं लग्नाचं शूटिंग म्हणजे कानिफनाथ, आणि कानिफनाथ म्हणजे शूटिंग. तारीख धरताना लोक आधी भटजी मोकळे आहेत का ते बघायचे आणि लगोलग कानिफनाथ मोकळे आहेत का ते. खांद्यावर वासराएवढा कॅमेरा, कानामागं पेन, आणि मागं लांबलचक वायरीला लटकलेला तो डोळे दिपवणारा लाईट. लाईट अंगावर आला की माणसं केसांवरून हात फिरवायची, बायका पदर सारखा करायच्या, आणि म्हातारी माणसं श्वास रोखून ताठ उभी राहायची. मग काका ओरडायचे, "अवो हला की, फोटो न्हाई ह्यो!" म्हातारी आणखीच ताठ.

लग्नानंतर तीनेक आठवड्यांनी कॅसेट यायची. मग कर्जतहून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायचा, अंगणात सतरंज्या टाकायच्या आणि अख्खी वस्ती बसायची. ते लग्न बघायला कुणी येत नव्हतं, ते तर सगळ्यांनी जेवणासकट बघितलेलंच असायचं. जो तो स्वतःला बघायला यायचा. पडद्यावर एखादा दिसला की अंगणात आरडाओरडा, "आरं ते बघ, कसा भाताच्या ढिगावर तुटून पडलाय!" मी हे सगळं लहानपणी बघितलं आहे, आणि खरं सांगते, आजच्या त्या चकचकीत दोन मिनिटांच्या फिती बघताना मला ती सतरंजी फार आठवते. त्या फितींत नवरी असते, नवरदेव असतो, आभाळ असतं. पंगतीत वाढायला राबलेला चुलता कुठं असतो?

काकांच्या कॅसेटमध्ये तो चुलता असायचाच. लग्नाच्या आदल्या दिवशी ते मांडवात येऊन घरातल्या जुन्या बाईजवळ बसायचे आणि विचारायचे, "मानाची मानसं सांगा." मावळण म्हणजे आत्या कोण, थोरला जावई कोण, रुसायची सवय कुणाला आहे. सगळं वहीत लिहून घ्यायचे. "मानपानात मानूस सुटला तर एकदा समजूत काढता येती," ते म्हणायचे. "शूटिंगमधी सुटला तर त्यो जलमभर सुटला."

एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एकच माणूस सुटला. तो नेमका माझा मामा.

माझ्या आईचं, मनकर्णाचं लग्न अठ्ठ्याण्णव सालच्या वैशाखात झालं. तिला एकुलता एक भाऊ, काकासाहेब. वय वीस, तालमीत जाणारा, अंगात मस्ती. कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावायचं आणि कापड-अंगठी घेऊन कान सोडायचा, एवढाच तो विधी. मामानं कान असा पिळला की माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी. माझे आजोबा, म्हणजे अण्णांचे वडील, भर मांडवात कडाडले, "कान हाय का म्होटरीचं हँडल?" लोक हसले, अंगठी दिली, विषय मिटला.

आई नागपंचमीला माहेरी गेली ती कॅसेट घेऊन. जामखेडकडच्या त्यांच्या गावात सगळी भावकी जमली. कॅसेटमध्ये सप्तपदी झाली, मग गुलाबाची फुलं गरागरा फिरली, बदामाच्या आकारात नवरा-नवरी आली, आणि एकदम जेवणाच्या पंगती. कानपिळी नाहीच. कुणीतरी चेष्टेत म्हणालं, "काकासाहेब, तू हुतास का रं बहिनीच्या लग्नात?" मामा उठला आणि रानात निघून गेला.

सगळे धरून चालले की आजोबांनीच ते कापायला लावलं. मांडवात कडाडले होते ना! आजोबांनी देवावर हात ठेवून नाही म्हटलं. मग कानिफनाथांना विचारलं, तर ते म्हणाले, "टेप संपली हुती." त्यावर तर लोकांची खात्रीच पटली, म्हातारा शूटिंगवाल्यालाही फितवून बसलाय म्हणून. मामानं निरोप पाठवला, "ज्या घरानं मला लग्नातनं काढलं, त्या घराची पायरी चढनार न्हाई." चढला नाही. आई माहेरी गेली की तो घर सोडून जायचा. पुढं आईचे आई-वडील गेले, तसं आईचं जाणंही संपलं.

आणि आता माझं लग्न ठरलं होतं. वैशाखातलंच. आमच्यात नवरीला बोहल्यावर मामा आणतो, अंतरपाटापाशी तिच्या पाठीशी मामा उभा राहतो. आईनं दोनदा चिठ्ठी पाठवली, एकदा फोन लावला. मामानं उचलला नाही. मी मुळातली तोंडाळ. मी म्हटलं, "राहील कुणीतरी उभा. मागं उभा राहणार, मला दिसणार पण नाही." आई ताटावरून उठून आत गेली. त्या दिवशी मला माझ्या जिभेचा पहिल्यांदा राग आला.

अशा दिवसांत काका कॉम्प्युटर मागायला आलेले. मला वाटलं, म्हातारपणी नव्या पोरांशी टक्कर द्यायचं डोक्यात आलं असेल. मी त्यांना हिशोबात बसेल असं मशीन ठरवलं. प्रोसेसर असा घेतला की ज्याच्या पोटातच चित्राचं काम करणारा भाग असतो, म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड आत्ता घ्यायला नको. रॅम सोळा जीबी, पण एक पट्टी न घेता आठ-आठच्या दोन.

"एकच म्होटी घे की," काका म्हणाले.

"दोन बैल जुंपल्यावर ओढ वाढती का न्हाई? तसंच हे."

विंडोज आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर चालायला एसएसडी, शूटिंग साठवायला एक टीबीची साधी हार्ड डिस्क. मॉनिटर जुना, पण रंग खरे दाखवणारा. पैसे कमी पडायला लागले तसे काका पॉवर सप्लायकडं बोट दाखवून म्हणाले, हलका घे. मी म्हटलं, "काका, तुमचा जनरेटर आठवतो का? भर सप्तपदीत बंद पडणारा?" त्यांनी बोट मागं घेतलं. पॉवर सप्लाय चांगलाच घेतला, आणि काटकसर केली ती कॅबिनेटवर. साधं काळं, काचबिच नसलेलं, रंगीत लाइटी नसलेलं.

दोन दुपारी आम्ही जोडणी करत होतो. ते समोर बसून स्क्रू हातात देत होते, आणि प्रत्येक गोष्ट विचारत होते. पहिल्यांदा पडद्यावर अक्षरं उमटली तेव्हा त्यांनी खिशातून कुंकवाची पुडी काढली आणि बोट थेट वरच्या जाळीवर नेलं. मी हात धरला. "आत सांडलं तर पंख्यात जाईल. पुढच्या बाजूला लावा." मग नारळ. तो मी बाहेर रस्त्यावर फोडायला लावला. कॉम्प्युटरला पाणी दाखवायचं नाही, देवाचंही नाही.

मी सहज म्हटलं, "ह्याच्यावर थोडे गेम पण चालतील बरं का. मोटारी पळवा हवं तर."

काकांचा चेहरा उतरला. "गेम टाकू नको. एकबी नको."

मला वाटलं, वय झालं. मी हसून सोडून दिलं.

तिसऱ्या दिवशी ते आपला जुना व्हीसीआर आणि एक पिशवी घेऊन आले. पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली एकच कॅसेट. वर काही लिहिलेलं नाही. "आधी ही घ्यायची," म्हणाले. व्हीसीआर कॉम्प्युटरला जोडायची छोटी डबी मी आणून ठेवलीच होती. कॅसेटचं झाकण उचलून बघितलं तर फितीच्या कडेला पांढरी बुरशी. मी म्हटलं, "ही लावली तर फीत तुटेल, व्हीसीआरचं हेड पण जाईल." काकांनी कॅसेट माझ्या हातातून घेतली, टॉवेलात गुंडाळली आणि पुन्हा सोडली. एवढ्या लग्नांत मी त्यांना कधी असं बघितलं नव्हतं. मला त्यांची दया आली. मी कॅसेट उघडली, आणि दोघांनी मिळून अख्खी दुपार ती फीत हातानं फिरवत मऊ कापडानं पुसली.

संध्याकाळी लावली. आधी नुसत्या मुंग्या. मग सनई, चित्र नाही. मग कुणीतरी लाऊडस्पीकरवर जामखेडच्या पाहुण्यांना पुढं यायला सांगत होतं. आणि चित्र स्थिर झालं तेव्हा माझ्यासमोर मुंडावळ्या बांधलेले माझे अण्णा बसले होते. मिशी होती, पोट नव्हतं. त्यांचा कान एका तगड्या पोराच्या चिमटीत. पोरगा हसत विचारत होता, "सांभाळशील ना माझ्या आक्काला? जोरात सांग, मला ऐकू न्हाई आलं!" आणि शेजारी माझी आई, एकवीस वर्षांची, तोंडाला पदर लावून अशी हसत होती की मला ती ओळखूच येईना. तशी हसताना मी तिला आयुष्यात बघितलेलं नाही.

तीन मिनिटं. मी घड्याळ बघितलं म्हणून सांगते.

"टेप संपली हुती ना काका?" मी विचारलं. आवाज चढलाच.

काका पडद्याकडं बघतच बोलले. "न्हाई संपली. मिक्सिंगला, म्हंजी शूटिंग कापून-जोडून घ्यायला, नगरला गेल्तो. दर वेळी मिक्सिंगवाल्याशेजारी बसायचो, हे ठीव, हे ठीव म्हनून सांगायचो. त्या दिवशी खाली एक दुकान हुतं. रुपया टाकला की मोटार पळवायचा खेळ. म्हनलं दोन डाव खेळू. दोन तास गेलं. वर आलो तवर त्यानं कॅसेट भरली हुती. फुलं, बदाम असलं घालून जागा पुरंना, मग त्यानं ही तीन मिंटं काढली. परगावचा, नवा मानूस. त्याला कानपिळी ठावंच न्हवती. त्याला वाटलं, लग्नात भांडन झालं आन चुकून शूट झालं. त्याच्या हिशोबानं आपल्यावर उपकारच केलं त्यानं. मी न बघता तशीच कॅसेट तुमच्या घरी दिली."

"मग खरं का नाही सांगितलं? आमच्या आजोबांवर आळ आला!"

"नवरीचा भाऊ सुटला म्हनल्यावर मला कुनी पुन्यांदा मांडवात घेतलं असतं का? म्हनलं, चार म्हयन्यात मिटंल. न्हाई मिटलं. मग जसजशी वर्सं गेली तसं सांगायचं तोंडच राहिलं न्हाई. दुसऱ्या समद्या टेपांवर मी पुन्ना शूटिंग केलं. ह्या टेपवर न्हाई करवलं." मग जरा थांबून म्हणाले, "तुझं लग्न ठरलं म्हनून कळलं. मागं मामा न्हाई, ते बी कळलं. दुसऱ्या कुनाकडं ही टेप द्यायची लाज वाटली. माज्या हातानंच जोडायची हुती."

मी जे बोलायचं ते बोलले. सगळं इथं लिहीत नाही. माझे आजोबा खोटारडे ठरून मेले होते, आणि तेही मोटारीच्या खेळापायी. काका खाली मान घालून ऐकत होते. माझं बोलून झाल्यावर म्हणाले, "आता जोडू या का?"

जोडायला चार दिवस लागले. माउस त्यांच्या हातात आधी मासोळीसारखा निसटायचा, पण कुठं कापायचं ते त्यांना नजरेनंच कळत होतं. मी म्हटलं, तीन मिनिटंच काढून मामाच्या मोबाईलवर पाठवू. ते तयार होईनात. अख्खं लग्न लावायचं, फुलं-बदाम सगळं काढून, कुणालाही न कापता; त्यासाठी आईच्या कपाटातली ती जुनी कॅसेट मी गुपचूप आणून दिली. पावणेचार तासांचं झालं. कॉम्प्युटरनं ते दीड तासात तयार करून दिलं, पंखा एकदाही कोकलला नाही. आणि मोबाईलवर पाठवायला तर त्यांनी साफ नकार दिला. "त्याच्या म्होरं बसून सांगायचं हाय मला. आन आधीची कॅसेट कशी हुती, टेप कशी हुती, दोन्ही शेजारी दावायचं."

म्हणून एका रविवारी सकाळी आम्ही तो कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला आणि जामखेडकडं निघालो. घरी कुणाला सांगितलं नाही. मामा हाकलून देईल अशी माझी खात्री होती, आणि आईला दुसऱ्यांदा तसलं काही ऐकवायचं माझ्यानं झालं नसतं.

मामा ओट्यावर बसला होता. पन्नाशीला आलेला, केस पिकलेले, पण मान तशीच. मला ओळखायला त्याला वेळ लागला. ओळखल्यावर उठूनच उभा राहिला. माझ्या मागं कानिफनाथ दिसले तसा पुन्हा बसला. काकांनी नमस्कार केला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. नगर, मिक्सिंग, रुपयाचा खेळ, टेप संपल्याचं खोटं. एका दमात, काही न वगळता. मी ओट्यावर मशीन मांडलं, वायर खिडकीतून आत घेतली आणि लावून दिलं.

तीन मिनिटं बघून झाल्यावर मामा म्हणाला, "मागं घे."

पुन्हा बघितलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा बघताना त्यानं स्वतःकडं बघितलंच नाही. आईच्या हसण्यावर बोट ठेवलं आणि तिथंच थांबवायला लावलं.

"किती वेळ खेळत हुता म्हनला तुमी?" त्यानं काकांना विचारलं.

"दोन तास."

"दोन तास," मामा म्हणाला. "आन मी सत्तावीस वर्सं बसलो त्या खेळापायी." त्यानं काकांना शिवी दिली नाही. मला वाटतं, दिली असती तर काकांना बरं वाटलं असतं. तो आत गेला, धुतलेला शर्ट घालून आला आणि मला म्हणाला, "चल, आक्काकडं. यानला मागं बसव, त्या मशीनशेजारी."

घरी पोचलो तेव्हा आई दारात तांदूळ निवडत होती. मामाला बघितलं आणि सूप तिच्या हातातून सुटलं नाही, तिनं ते घट्ट धरूनच ठेवलं. अण्णा आतून आले, "या," एवढंच म्हणाले आणि मामाच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. मी आईला सगळं सांगितलं. सांगताना मला रडू आलं, ते लपवायचं मी काही कारण बघत नाही. आईनं ऐकून घेतलं. मामाशी ती बोललीच नाही. उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या कानिफनाथांकडं वळली.

"कानिफनाथ," ती म्हणाली, "सत्तावीस भाऊबिजा मी चंद्राला ओवाळलं. भाऊ हाय माजा जित्ता, आन मी गच्चीवर उभी ऱ्हाऊन चंद्राला ओवाळलं. पोरी इचारायच्या, तर म्हनायचे, तुमचा मामा लांब राहतो. आभाळ आलं की त्यो बी दिसायचा न्हाई, तर तशीच तबक घिऊन खाली यायचे."

मामा भिंतीकडं तोंड करून उभा होता, त्याचे खांदे हलत होते.

भाऊबीज सहा-सात महिने लांब होती. आईनं ती काही मोजली नाही. आत गेली, पाट मांडला, तबकात निरांजन, सुपारी, अक्षता घेतल्या आणि भर दुपारी मामाला पाटावर बसवलं. तिनं निरांजन उचललं तसा उंबऱ्याबाहेर काकांचा उजवा हात सवयीनं खांद्यापर्यंत गेला. तिथं काही नव्हतं. त्यांनी हात खाली घेतला आणि उघड्या डोळ्यांनी नुसते बघत राहिले.

ओवाळून झाल्यावर आईनं पदरानं तोंड पुसलं आणि वळून न बघताच म्हणाली, "तुमच्यावरचा राग गेल्याला न्हाई माजा, कानिफनाथ. जाईल का, ते बी ठावं न्हाई. पन आत या. जेवायला बसा."